आई-बाबांच्या घरी राहून भाड्यासाठी फ्लॅट घ्यायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी डोंबिवलीत आई-बाबांच्या वन बीएचकेमध्ये राहते. कल्याण पश्चिमेला माझा स्वतःचा एक वन बीएचके आहे, तो भाड्याने दिलाय. हे कुणाला कळलं की पुढचे प्रश्न ठरलेले असतात. ऑफिसातली मुलं विचारतात, मावसभाऊ विचारतो, परवा तर ८.१४ च्या लोकलमध्ये शेजारी उभ्या असलेल्या मुलीने ठाणे येईपर्यंत विचारून घेतलं. म्हणून एकदाच लिहून ठेवते. कायदा आणि मुद्रांक महाराष्ट्रातले आहेत. मी वकील नाही आणि सीएही नाही. सही करण्याआधी त्या दोघांचे पैसे द्या, ते वाचवू नका.

भाड्यातून हप्ता निघतो ना?

नाही. हा गैरसमज सगळ्यात आधी काढून टाकू, कारण बाकीचं सगळं गणित याच्यावर उभं आहे.

समजा, ४२ लाखांचा रीसेल वन बीएचके घेतला आणि ३३ लाखांचं कर्ज काढलं. मुदत २० वर्षं, व्याज ८.५ टक्के (दर खाली-वर होतात, म्हणून हिशेबाला जरा चढाच धरलाय). हप्ता बसतो साधारण २८,६०० रुपये. अशा घराला भाडं आलं १२,००० असं धरा. वर्षातून एक महिना घर रिकामं राहतं, म्हणजे हातात आले १ लाख ३२ हजार. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स २,२०० च्या हिशेबाने २६,४००, मालमत्ता कर ७,२००, आणि एजंट-करार-किरकोळ दुरुस्ती मिळून ६,०००. उरले ९२,४००, म्हणजे महिन्याला ७,७००.

२८,६०० वजा ७,७००. दर महिन्याला जवळपास २१ हजार रुपये तुमच्या पगारातून जातात. पहिल्या वर्षी तुम्ही बँकेला जे ३ लाख ४३ हजार भरता त्यातले मुद्दलात जेमतेम ६५ हजार जमा होतात, बाकी सगळं व्याज. 'भाडं येतंय, फ्लॅट आपोआप फिटतोय' असं जो सांगतो त्याने एकतर रोख पैसे फार घातलेत किंवा त्याने कागदावर कधी मांडलं नाहीये.

सुरुवातीला हातात किती रोख लागते?

वरच्याच उदाहरणात ९ लाख तुमचे. पण ते फक्त घराच्या किमतीतले. कल्याण-डोंबिवली, ठाणे, पुणे, पिंपरी-चिंचवड या पट्ट्यात मुद्रांक शुल्क अधिभारासह ७ टक्के, म्हणजे २ लाख ९४ हजार. मुंबईत ६ टक्के. नोंदणी फी १ टक्का, पण ३० हजारांच्या वर जात नाही. दलालाचा १ टक्का धरला तर ४२ हजार. वकील, बँकेची प्रोसेसिंग फी मिळून २५ हजार. रंग, पंखे, गिझर, गळका नळ यांचे ८० हजार धरा. बेरीज पावणेपाच लाखांच्या आसपास जाते. एकूण पावणेचौदा लाख हवेत, आणि मुद्रांकासाठी बँक सहसा कर्ज देत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या कर्जात किमतीच्या ९० टक्के, ३० ते ७५ लाखांच्या कर्जात ८० टक्के आणि त्यावर ७५ टक्के ही कमाल मर्यादा आहे.

हे सगळं देऊन झाल्यावर सहा हप्ते बाजूला उरत नसतील तर अजून वर्षभर थांबा. नोकरी गेली तर भाडेकरू तुमचा हप्ता भरणार नाही.

मग दरमहा २१ हजारांची खोट भरून कोण काढतं?

तुम्हाला वाटतं तुम्ही. खरं तर आई-बाबा.

डोंबिवलीत वेगळी खोली घेऊन राहिला असता तर भाडं, गॅस, वाणसामान, लाईट बिल, डबा मिळून तेवढेच पैसे गेले असते. ते जात नाहीत म्हणून हप्ता भरता येतो. म्हणजे या फ्लॅटमध्ये एक गुंतवणूकदार असा आहे ज्याचं नाव इंडेक्स टूवर (खरेदीच्या नोंदणीचा उतारा) नाही. हे मला कळायला दोन वर्षं लागली. एका रविवारी बाबा वहीत दूधवाल्याचा हिशेब लिहीत होते. गेली तीस वर्षं ते लिहितात. मी सहज मागची पानं चाळली. माझ्या फ्लॅटचं रजिस्ट्रेशन झालं त्या महिन्यापासून 'भाजी', 'इस्त्री', 'केबल' सगळं त्यांच्या पेन्शनमधून. त्याआधी यातलं निम्मं मी देत होते. त्यांनी मला एका शब्दाने काही म्हटलेलं नव्हतं.

घरात किती द्यायचे?

आकडा प्रत्येक घराचा वेगळा, पण 'लागेल तसं देईन' असं ठेवू नका. लागलं तरी ते मागत नाहीत. मी महिन्याच्या एक तारखेला आईच्या खात्यात ठरलेली रक्कम टाकते, आणि सोसायटीचा मेंटेनन्स व लाईट बिल माझ्या खात्यातून जातं. हप्त्याचं गणित मांडताना ही रक्कम आधी वजा करा, मग उरलेल्यातून हप्ता बसतो का बघा. माझ्या एका मैत्रिणीचा असा हिशेब केल्यावर बसला नाही. तिने फ्लॅट घेतला नाही, आणि बरंच झालं.

बाबांना भाडं देऊन एचआरए (घरभाडे भत्त्यावरची करसूट) घेता येतो का? माझ्या नावावर फ्लॅट असताना?

घर बाबांच्या नावावर असेल, तुम्ही खरोखर तिथे राहत असाल आणि खरोखर भाडं देत असाल तर येतो. मात्र जुन्या कररचनेतच. नव्या रचनेत एचआरएची सूट नाही. पैसे बँकेतून जायला हवेत, साधा करार हवा, आणि बाबांनी ते उत्पन्न म्हणून रिटर्नमध्ये दाखवायला हवं. नुसत्या पावत्या फाडून एचआरए घ्यायचे दिवस गेले. दुसरा फ्लॅट भाड्याने दिलेला असणं आड येत नाही, पण फ्लॅट त्याच शहरात आणि रिकामा असेल तर 'तिथे का राहत नाही' याचं उत्तर तयार ठेवा.

आईच्या नावावर घेतला तर मुद्रांक कमी लागतो म्हणे. तसं करू का?

हा प्रश्न मुलगे विचारतात. २०२१ पासून महाराष्ट्रात महिलेने निवासी घर घेतलं तर मुद्रांकात १ टक्का सवलत आहे. ४२ लाखांवर ४२ हजार वाचतात. अट अशी की खरेदीदार फक्त महिलाच हव्यात. आई आणि तुम्ही जोडीने घेतलात तर सवलत गेली.

आता तुमच्या पैशाने, तुमच्या हप्त्यावर, घर एकट्या आईच्या नावावर घेतलंत तर दोन भानगडी. पहिली बेनामी कायद्याची, म्हणजे पैसे एकाचे आणि नाव दुसऱ्याचं अशा खरेदीला बंदी घालणाऱ्या कायद्याची. स्वतःच्या माहीत असलेल्या उत्पन्नातून बायको-नवऱ्याच्या किंवा मुलांच्या नावावर घेतलेलं घर त्यातून वगळलंय. आई-वडील, भाऊ-बहीण यांच्या बाबतीत मात्र कागदावर त्यांच्याबरोबर तुमचंही नाव सहमालक म्हणून असावं लागतं. दुसरी भानगड घरातलीच. आईच्या एकटीच्या नावावरचं घर आईचं. तिने मृत्युपत्र केलं नाही तर तिच्या माघारी तुमच्या भावंडांचा आणि बाबांचा त्यात तुमच्याइतकाच हक्क. हप्ते तुम्ही भरले म्हणून तेव्हा बहीण हिस्सा मागणार नाही असं समजू नका. मागणार नाहीत ते जावई, आणि तेही फक्त पहिलं वर्ष.

आईला पैसे रीतसर भेट द्यायचे आणि तिने घर घ्यायचं, हा मार्ग आहे. अशा भेटीवर तिला कर लागत नाही. पुढे तिने राहतं घर मुलाला किंवा मुलीला बक्षीसपत्राने दिलं तर मुद्रांक नाममात्र २०० रुपये, अधिक स्थानिक अधिभार. पण मग ते घर मनानेही आईचंच समजायची तयारी हवी. ४२ हजारांसाठी हे सगळं करावं असं मला वाटत नाही.

बाबांना सहकर्जदार करावं का?

बँका आग्रह धरतात, कारण दोन पगार दिसले की जास्त कर्ज बसतं. पण बाबांची निवृत्ती जवळ असेल तर मुदत आखडते आणि हप्ता फुगतो. शिवाय हप्ता चुकला तर त्यांचंही सिबिल खराब होतं. एकट्याच्या पगारावर बसत नसेल तर लहान घर बघा. साठीतल्या माणसाच्या डोक्यावर वीस वर्षांचं कर्ज कशाला?

नॉमिनी म्हणून बाबांचं नाव घातलंय. झालं ना?

झालं नाही. नॉमिनी हा घराचा मालक होत नाही, वारस ठरेपर्यंत तो सांभाळणारा असतो. आणि हिंदू वारसा कायद्यातली एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते: अविवाहित मुलगा मृत्युपत्र न करता गेला तर त्याची पहिल्या वर्गातली वारस आई असते. ती हयात असेल तर वडिलांना काही मिळत नाही. अविवाहित मुलीच्या बाबतीत मात्र आई आणि वडील दोघे वारस.

तिशीत मृत्युपत्र करायचं म्हटलं की आया कपाळाला हात लावतात. माझ्या आईने तर 'अभद्र बोलू नकोस' म्हणून विषयच बंद केला. तरी केलं. एक पान, दोन साक्षीदार. नोंदणी सक्तीची नाही. त्याच आठवड्यात कर्जाच्या रकमेएवढा टर्म विमाही काढला, बँक कर्जासोबत गळ्यात मारते तो नव्हे, वेगळा.

चालू बांधकामातला घ्यावा की तयार?

भाड्यासाठी असेल तर तयार. बांधकाम चालू असताना भाडं शून्य आणि व्याज सुरू. वर ५ टक्के जीएसटी (४५ लाखांपर्यंतच्या आणि मुंबई महानगरात ६० चौरस मीटर कार्पेटच्या आतल्या घराला १ टक्का). भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला, ओसी) मिळालेल्या घराला जीएसटी नाही.

तरीही नवीनच घ्यायचा असेल तर महारेराच्या (बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणारं राज्याचं प्राधिकरण) साइटवर प्रकल्प स्वतः उघडून बघा. ताबा कधी लिहिलाय, मुदत किती वेळा वाढवलीय, किती फ्लॅट विकले गेलेत, सगळं तिथे असतं. करार नोंदवल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. 'आज बुक केलं तरच हा रेट' असं सेल्सवाला म्हणाला की चहा पिऊन निघायचं.

महारेरा नंबर आहे म्हणजे इमारत अधिकृत ना?

आमच्या गावात हे विचारू नका. कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींनी महापालिकेच्या बनावट परवानग्या लावून महारेराचे नंबर मिळवले होते. २०२४ च्या नोव्हेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडायला सांगितल्या. तिथे लोक राहत होते, हप्ते भरत होते.

म्हणून नंबरावर थांबायचं नाही. बांधकाम परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र खरं आहे का हे महापालिकेच्या नगररचना विभागात विचारा. सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्डावर जमीन कुणाची हे बघा. तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट (जागेच्या जुन्या व्यवहारांची तपासणी) स्वतःच्या वकिलाकडून घ्या, दलालाने सुचवलेल्या वकिलाकडून नको. रीसेलमध्ये मधल्या प्रत्येक विक्रीची नोंदणीकृत साखळी हवी, सोसायटीचं ना-हरकत हवं आणि कन्व्हेयन्स (जमीन सोसायटीच्या नावावर होणं) झालंय का हेही विचारा. आजूबाजूच्यापेक्षा घर पाच-सात लाखांनी स्वस्त मिळत असेल तर बहुतेक वेळा त्याचं कारण यातल्याच एखाद्या कागदात सापडतं.

मालक थोडे 'कॅश' मागतोय.

उठा आणि दुसरं घर बघा. जागेच्या व्यवहारात २० हजार आणि त्यावरची रोख कायद्याने चालत नाही. करारातली किंमत सरकारी मूल्यापेक्षा १० टक्क्यांहून जास्त कमी दिसली तर तो फरक तुमचं उत्पन्न धरून त्यावर कर लागू शकतो. आणि पुढे तुम्ही विकाल तेव्हा कागदावरची खरेदी किंमत कमी, म्हणजे नफा जास्त, म्हणजे कर पुन्हा तुमच्याच माथी. (व्यवहार ५० लाख किंवा जास्त असेल तर १ टक्का टीडीएस कापून भरायची जबाबदारी खरेदीदाराची, हेही लक्षात असू द्या.)

करात किती फायदा?

जुन्या आणि नव्या रचनेत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आपलंच उदाहरण: भाडं १ लाख ३२ हजार, त्यातून भरलेला मालमत्ता कर ७,२०० वजा, उरलेल्याचे ३० टक्के सरसकट वजा. राहिले साधारण ८७ हजार. पहिल्या वर्षीचं व्याज २ लाख ७८ हजार. म्हणजे १ लाख ९० हजारांचा तोटा. जुन्या रचनेत २ लाखांपर्यंतचा असा तोटा पगारातून वजा होतो. नव्या रचनेत भाड्यावर कर लागत नाही एवढंच. तोटा पगारातून वजा होत नाही. नवी रचना आता आपोआप लागू होते, त्यामुळे 'होम लोनने टॅक्स वाचतो' हे काकांचं वाक्य तपासून घ्या. काका २०१५ मधले आहेत.

दोन वर्षांच्या आत विकलंत तर नफा तुमच्या स्लॅबने करपात्र. त्यानंतर १२.५ टक्के.

भाड्याने देताना करार नोंदवायलाच हवा का? अकरा महिन्यांचाच तर आहे.

हवाच. अकरा महिन्यांपर्यंत नोंदणी लागत नाही हे इतर राज्यांत चालतं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार लिव्ह अँड लायसन्स (घर ठरावीक मुदतीसाठी वापरायला देण्याचा करार) कितीही दिवसांचा असो, तो लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि जबाबदारी मालकाची. दंड ५ हजारांपर्यंत किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे करार नसताना वाद झाला तर अटी काय होत्या याबद्दल भाडेकरू सांगेल तेच आधी खरं धरलं जातं.

खर्च किती? एकूण भाड्याच्या पाव टक्का मुद्रांक, आणि शहरात नोंदणी फी १,००० रुपये. एजंट घरी मशीन आणून अंगठे घेतो. भाडेकरूची माहिती पोलिस ठाण्याला ऑनलाइन कळवा आणि त्याची पावती जपून ठेवा.

मुदत संपली आणि भाडेकरू निघतच नसेल तर?

नोंदणीकृत करार असेल तर दिवाणी कोर्टात वर्षानुवर्षं जायची गरज नाही. याच कायद्याखाली सक्षम प्राधिकारी आहे, तिथे अर्ज करता येतो. मुदत संपल्यानंतर राहिलेल्या दिवसांसाठी दुप्पट भाड्याच्या दराने भरपाई मागता येते. लाईट तोडणं, कुलूप बदलणं असले उद्योग करू नका.

सोसायटी 'भाडेकरू ठेवलाय' म्हणून दुप्पट मेंटेनन्स मागते.

बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी घेते ते) सेवा शुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. हे १ ऑगस्ट २००१ च्या सरकारी आदेशाने ठरलेलं आहे. त्या सेवा शुल्कात महापालिकेचा कर धरायचा नाही. आई-वडील किंवा सख्खं भावंड राहत असेल तर हे शुल्कच नाही. रीसेलमध्ये ट्रान्सफर प्रीमियमही कमाल २५ हजार. सेक्रेटरीला भांडू नका, आदेशाची प्रत जोडून पत्र द्या आणि पोच घ्या.

गंमत म्हणजे अविवाहित मुलांनी घेतलेल्या फ्लॅटमध्ये 'बॅचलर चालणार नाहीत' असं सोसायट्या सांगतात. घेण्याआधी विचारा, नाहीतर तुमचा अर्धा बाजार गेला.

म्हाडाच्या सोडतीचं काय?

हे आधीच विचार करण्यासारखं आहे. आई-वडिलांच्या नावावर घर असलं तरी सज्ञान मुलगा-मुलगी अर्ज करू शकते. पण तुमच्या स्वतःच्या किंवा जोडीदाराच्या नावावर त्या महापालिका हद्दीत घर असेल तर अपात्र. मुंबईत लहानसा गुंतवणुकीचा फ्लॅट घेतलात तर मुंबईच्या सोडतीचं दार बंद होतं. जाहिरातीतली अट नीट वाचूनच पुढे जा.

लग्न ठरलं तर?

स्थळ बघायला आलेल्यांना फ्लॅट सांगताना त्यावरचं कर्जही त्याच वाक्यात सांगा. राहण्यासाठी मोठं घर घ्यायला जाल तेव्हा बँक हा हप्ता तुमच्या पगारातून आधी वजा करते, आणि भाड्याचा काहीच भाग धरते. कल्याणच्या वन बीएचकेमुळे ठाण्याचा टू बीएचके बसला नाही, अशी दोन जोडपी माझ्या ओळखीत आहेत. दोघांनी पहिला विकला. मला नातेवाइकांनी वेगळंच विचारलं, 'लग्नानंतर तो फ्लॅट कुणाचा?' माझाच. कागदावर नाव माझं आहे.

जास्त पैसे आले तर कर्ज आधी फेडावं?

बदलत्या दराच्या गृहकर्जावर व्यक्तीला मुदतपूर्व फेडीचा दंड नाही. बोनस आला की मुद्दलात टाका आणि हप्ता कमी करण्यापेक्षा मुदत कमी करून मागा. बँकेला हे लेखी सांगावं लागतं, नाहीतर ते आपल्या सोयीचा पर्याय लावतात.

घरात बसून हे सगळं सांभाळता येतं का?

येतं, पण 'पॅसिव्ह इन्कम' हा शब्द विसरा. गेल्या जुलैत रात्री पावणेअकराला भाडेकरूचा फोन आला, खालच्यांच्या छतातून पाणी टपकतंय. दुसऱ्या दिवशी रजा टाकली. प्लंबरने बाथरूमच्या तीन लाद्या उखडल्या, पाणी वाहून जाण्याचा नहाणी ट्रॅप बदलला, वॉटरप्रूफिंग केलं. ९,५०० रुपये. शिवाय खालच्यांच्या छताचा रंग. त्या महिन्याचं भाडं तिथेच संपलं. आधीचा भाडेकरू गेला तेव्हा महावितरणचं दोन महिन्यांचं बिल मागे राहिलं होतं. तेव्हापासून चावी परत घेताना मीटरचा फोटो काढते आणि बिल भरलेलं बघितल्याशिवाय डिपॉझिट सोडत नाही.

प्लंबर लाद्या फोडत होता तेव्हा बाबा आले होते सोबत, न सांगता. स्टुलावर बसून त्यांनी जुना ट्रॅप हातात घेऊन उलटा-सुलटा बघितला आणि प्लंबरला म्हणाले, पितळी बसव, प्लास्टिकचा नको. मग खिशातून वही काढली आणि विचारलं, 'हे कुठे लिहू, तुझ्या खर्चात की घरच्या?'